तारीख कोणाच्या खिशात?



ऑगस्ट-सप्टेंबरच्या सुमारास आमच्या पनवेलच्या एसटी स्टँडवर एक वेगळी गर्दी दिसते. गणपतीला गावी जाणाऱ्या चाकरमान्यांची गर्दी सगळ्यांच्या ओळखीची आहे; मी म्हणतो ती निराळी. नवी कोरी प्लॅस्टिकची बादली, बादलीत मग, दोरीने करकचून बांधलेली गादी, शेजारी डोळे पुसणारी आई आणि जरा लांब उभा राहून उगाचच बसच्या पाटीकडे बघणारा बाप. मुलगा किंवा मुलगी आयुष्यात पहिल्यांदा घराबाहेर राहायला निघालेली असते. पनवेल हे मुंबई, पुणे आणि कोकण या तिन्हींच्या वाटेवरचं गाव. इथून मुलं बाहेर शिकायला जातात आणि बाहेरची मुलं इथे येतात. नवीन पनवेल, कामोठे, खारघर या पट्ट्यात गेल्या काही दशकांत इतकी कॉलेजं झाली की ‘तुमच्या पनवेललाच शिकतो’ असं सांगणारा मुलगा मला अकोल्यातही भेटतो आणि सांगलीतही.

हे आईबाप वसतिगृहात पोहोचले की पुष्कळ प्रश्न विचारतात. पाणी किती वाजता येतं, मेसमध्ये जेवण कसं असतं, रात्री फाटक कधी बंद होतं. एक प्रश्न मात्र कोणी विचारत नाही, कारण तो विचारायचा असतो हेच त्यांना ठाऊक नसतं. इथलं ‘वेलकम’ कधी आहे?

ज्यांनी वसतिगृह आतून पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. नवी मुलं आली की वरच्या वर्गातले त्यांची ‘इंट्रो’ घेतात. नाव, गाव, शाळा, बारावीचे टक्के, इथपर्यंत ठीक. मग सुरू होतं मान खाली घालून उभं राहणं, नजर स्वतःच्या शर्टाच्या तिसऱ्या बटणावर ठेवणं, केसांना तेल चोपडून येणं, रात्री एक वाजता दार वाजलं की उठून गाणं म्हणणं, कोणाचं तरी जर्नल उतरवून देणं. हे सगळं एका संध्याकाळपर्यंत चालतं. त्या संध्याकाळी सिनिअर मंडळी हॉल सजवतात, केक आणतात, नव्यांना नाचायला लावतात, स्वतःही नाचतात. कोणी त्याला ‘फ्रेशर्स’ म्हणतं, कोणी ‘वेलकम’. दुसऱ्या दिवसापासून कालचा ‘सर’ ‘दादा’ होतो. म्हणजे ती संध्याकाळ हा उंबरठा आहे. अलीकडे तुम्ही कोणी नाही, पलीकडे तुम्ही आमचे. आज मी बोलणार आहे ते या उंबरठ्याच्या तारखेविषयी. ती नव्यांना आधी सांगावी की सांगू नये?

माझी भाची महाडजवळच्या एका खेड्यातली. दोन वर्षांपूर्वी तिला दुसऱ्या जिल्ह्यातल्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात प्रवेश मिळाला. कॉलेजचं नाव घेत नाही; नाव बदललं तरी गोष्ट तीच राहील. तिची दादी तेव्हा अंथरुणाला खिळलेली होती. दर दुसऱ्या रविवारी घरी यायचं असं पोरीने निघताना कबूल केलेलं. दुसऱ्याच आठवड्यात तिचा मला फोन आला, आवाज अगदी बारीक. ‘मामू, वेलकम झाल्याशिवाय कोणी घरी जायचं नाही म्हणतात. आणि जी त्या दिवशी नसेल तिची इंट्रो वर्षभर.’ मी विचारलं, वेलकम कधी आहे? म्हणाली, ‘विचारलं. कळेल म्हणाल्या.’

हा ‘कळेल’ शब्द ऐकून माझ्यातला कवी दचकला. शब्द हा माझा रोजचा धंदा आहे. ‘मी सांगेन’ म्हटलं की बोलणारा बांधला जातो, उद्या त्याला जाब विचारता येतो. ‘कळेल’ म्हटलं की कोणीच बांधलं जात नाही. कोण सांगणार, केव्हा सांगणार, काही नाही. कळणं आपोआप व्हायचं, जसा पाऊस पडतो तसं. आपल्या सरकारी कचेऱ्यांना हा शब्द फार आवडतो, हे तुम्हीही अनुभवलं असेल.

त्या एका शब्दावर त्या मजल्यावरच्या चौदा मुली सात आठवडे राहिल्या. त्यांना कोणी बोटही लावलं नाही, हे भाची मला पुनःपुन्हा सांगायची, जणू तिलाच सिनिअर मुलींची बाजू घ्यायची होती. पण त्या रात्री बाहेरच्या कपड्यांतच झोपायच्या. एक मुलगी सोमवारचा उपवास करायची. त्याच रात्री बोलावलं तर उभं राहवेल का, म्हणून तिने तो सोडला. एक जण शनिवार-रविवारी मुलांच्या शिकवण्या घेऊन मेसचे पैसे काढायची. तिने शिकवण्या बंद केल्या. एकीला पाळीच्या दिवसांत फार दुखायचं. ती कॅलेंडर घेऊन बसायची, पण मोजणार कशापर्यंत?

अखेर पाचव्या आठवड्यात भाचीने धीर करून शेजारच्या खोलीतल्या एका सिनिअर मुलीला एकटं गाठून विचारलं. ती मुलगी मनाने चांगली असावी. हसली आणि म्हणाली, ‘अगं, आमचंच ठरलेलं नाही अजून. वर्गणी जमत नाहीये, हॉल मिळत नाहीये.’ म्हणजे तारीख लपवलेली नव्हतीच. कोणाच्याही खिशात ती नव्हती. खिसा रिकामा होता आणि त्यावर हात ठेवून उभं राहिल्याने चौदा जणी घाबरल्या होत्या.

पुढे कोणाच्या तरी आईने फोन केला, रेक्टरबाईंनी सिनिअर मुलींना बोलावलं आणि दुसऱ्या दिवशी फलकावर कागद लागला: येत्या शनिवारी, संध्याकाळी सहा वाजता. त्या रात्री सगळ्या मजल्याला झोप लागली, असं भाची म्हणते. कार्यक्रम छान झाला. सातव्या आठवड्यात ती घरी गेली, तोवर दादी माणसं ओळखेनाशी झाली होती. पाचव्या आठवड्यापर्यंत ती नातीचं नाव घेऊन विचारत होती, एवढं मला माझ्या बहिणीने सांगितलं.

आता या तारखेच्या प्रश्नाकडे जरा लांबून पाहू. नव्याला आपल्यात घ्यायचं तर विधी लागतो, हे माणसाने फार पूर्वी ठरवून टाकलं आहे. आमच्याकडे मुलगा होतो तेव्हा सुंता. माझ्या वेळी ती घरीच व्हायची. मला आठवतं ते इतकंच की सकाळी नवा सदरा घातला, गळ्यात फुलांचा हार आला, पाहुण्यांनी हातात नोटा ठेवल्या. नवरदेव झाल्यासारखं वाटत होतं. कोणीतरी म्हणालं, वर बघ, सोन्याची चिमणी! मी वर पाहिलं. पिढ्यान् पिढ्या आमच्या पोरांनी ती चिमणी पाहायला मान वर केली आहे आणि ती अजून कोणाला दिसलेली नाही. मोठी माणसं म्हणत, आधी सांगितलं असतं तर पोर आठ दिवस रडलं असतं. पाच वर्षांच्या मुलाच्या बाबतीत त्यांचं चुकलं की बरोबर होतं, माझा निर्णय अजून होत नाही. आता पनवेलमध्येही लोक दवाखान्यात वेळ घेऊन ते उरकतात, बहुधा मूल अगदी तान्हं असताना, त्यामुळे चिमणी बिचारी बेकार झाली आहे.

पण आमच्याच घरांत दुसरा एक विधी आहे, बिस्मिल्लाचा. मूल चार वर्षं, चार महिने, चार दिवसांचं झालं की त्याला पहिल्यांदा अक्षर द्यायचं. इथे तारीख लपवणं शक्यच नाही, कोणीही बोटांवर मोजून काढावी. माझ्या मित्रांच्या घरच्या मुंजी मी लहानपणापासून पाहिल्या आहेत. पत्रिका छापलेली असते, बटूला महिनाभर आधीपासून चिडवत असतात की तुझा आता गोटा होणार. तरीही त्या दिवशी वस्त्राच्या आड वडील त्याच्या कानात मंत्र सांगतात तेव्हा सगळा मांडव शांत होतो. मंत्र कानातच राहतो, तारीख मात्र चारशे लोकांना माहीत असते.

माझं म्हणणं इथेच आहे. गुपित ठेवायचं ते आतल्या गोष्टीचं ठेवा. गाणं कोणतं म्हणणार, भेट काय देणार, कोणाला कोणती पदवी मिळणार, हे सगळं खुशाल झाकून ठेवा, त्यात गंमत आहे. दार कोणत्या दिवशी उघडणार हे झाकलं तर गंमत उरत नाही, बाहेरच्याला नुसतं ताटकळावं लागतं.

सिनिअर मुलांशी मी याविषयी बोललो आहे. कविसंमेलनाच्या निमित्ताने कॉलेजांत जाणं होतं, तेव्हा कार्यक्रमानंतर चहाच्या कपावर पोरं मोकळी बोलतात. त्यांचं म्हणणं हसण्यावारी नेण्यासारखं नाही. एक जण म्हणाला, ‘सर, तारीख सांगितली की पोरं दिवस ढकलतात. माहीत नसतं म्हणून ती एकमेकांना धरून राहतात, त्यातून मैत्री होते.’ यात तथ्य आहे. एकत्र भिजलेली माणसं एकत्र राहतात. माझ्या भाचीच्या मजल्यावरच्या चौदा जणी आजही एकमेकींसाठी जीव टाकतात. फक्त त्या मैत्रीचं श्रेय कोणाला द्यायचं? पूर आला की गाव एक होतं, म्हणून कोणी धरणाचे दरवाजे उघडत नाही.

दुसरा म्हणाला, ‘आम्हाला कोणी सांगितली होती?’ यावर मी काही बोललो नाही. सासूने सुनेला, त्या सुनेने पुढे आपल्या सुनेला, अशी ही घराघरांतली जुनी हिशेबवही आहे. तिच्यात जमा होतं ते नेहमी एकाकडून आणि वसूल होतं ते दुसऱ्याकडून.

अमेरिकेतल्या विद्यापीठांत या गोष्टीचं मोठं प्रस्थ आहे. तिथे विद्यार्थ्यांच्या बंधुसंघटना आणि भगिनीसंघटना असतात, ग्रीक अक्षरांच्या नावांच्या. अशी पहिली संस्था, ‘फाय बीटा कॅपा’, १७७६ साली व्हर्जिनियात निघाली. आज ती विद्वानांची मानाची संस्था म्हणून ओळखली जाते. पुढे निघालेल्या बऱ्याच संघटनांत नव्या मुलाने काही आठवडे उमेदवारी करायची आणि मग एका रात्री दीक्षा घ्यायची, अशी पद्धत पडली. अनेक ठिकाणी ती रात्र कोणती हे शेवटपर्यंत सांगत नाहीत. तिथली मुलंही तोच वाद घालतात: नोकरीवर रजा टाकायची आहे, परीक्षा आहे, घरी लग्न आहे, निदान तारीख तरी सांगा. आणि जुने सभासद म्हणतात, मग त्यात राहिलं काय? या उमेदवारीच्या काळात आणि त्याच्या मेजवान्यांत तिथे मुलं मेलेली आहेत. २०१७ साली पेन्सिल्व्हेनियात टिमोथी पियाझा हा १९ वर्षांचा विद्यार्थी अशाच एका स्वागताच्या रात्री दारू पाजल्यानंतर जिन्यावरून पडला, मदत वेळेवर बोलावली गेली नाही आणि तो गेला. ‘सिग्मा अल्फा एप्सिलॉन’ ही १८५६ साली अलाबामात सुरू झालेली मोठी संघटना. तिच्या शाखांत अनेक जीव गेल्यावर २०१४ साली तिने ही उमेदवारीच रद्द करून टाकली. आमंत्रण स्वीकारल्यापासून ९६ तासांत सभासद करून घ्यायचं, असं ठरवलं. ९६ तास म्हणजे चार दिवस. ज्याचा शेवट माहीत नाही असा काळच ठेवायचा नाही, हा त्यातला विचार मला महत्त्वाचा वाटतो. डिसेंबर २०२४ मध्ये तिथे छळाच्या घटनांची नोंद ठेवून ती जाहीर करायला लावणारा कायदाही सगळ्या देशासाठी झाला.

तारीख सांगितल्याने विधीची उंची कमी होते असं ज्यांना वाटतं, त्यांनी नागपूरची आठवण ठेवावी. बाबासाहेब आंबेडकरांनी धर्म सोडण्याचा निर्धार १९३५ साली येवल्यात बोलून दाखवला. त्यानंतर २१ वर्षं गेली. आणि दिवस ठरला तेव्हा त्यांनी तो काही आठवडे आधी जाहीर केला: दसरा, १४ ऑक्टोबर १९५६, नागपूर. तारीख हातात होती म्हणून लाखो माणसं निघू शकली. ज्यांच्याकडे रजा मागण्याची सोय नव्हती, प्रवासाचे पैसे नव्हते, त्यांना तयारीला वेळ मिळाला. पांढरी वस्त्रं घालून माणसं पोहोचली. इतकी मोठी दीक्षा या मातीत दुसरी झाली नाही आणि तिच्यात कोणीही बेसावध नव्हता. ज्याला दीक्षा घ्यायची तो स्वतःच्या पायांनी चालत यावा, त्याला उठवून आणलेला नसावा, हा फरक मला त्यात दिसतो.

कायद्याचं काय म्हणणं आहे तेही थोडं पाहू. महाराष्ट्राने १९९९ सालीच रॅगिंगला बंदी करणारा कायदा केला. २ वर्षांपर्यंत कैद, १०,००० रुपयांपर्यंत दंड, गुन्हा सिद्ध झाल्यास कॉलेजातून काढणं आणि ५ वर्षं दुसरीकडेही प्रवेश नाही. तक्रार आली की प्राचार्यांनी ७ दिवसांत चौकशी करायची. हे आकडे बऱ्याच जणांना ठाऊक असतात. मला त्यातली व्याख्या वाचण्यासारखी वाटते. मारहाण, शिवीगाळ एवढ्यावर ती थांबत नाही. विद्यार्थ्याच्या मनात भीती, धास्ती, लाज किंवा संकोच निर्माण होईल असं वागणंही तिच्यात येतं. धास्ती! म्हणजे बोट न लावता केलेलं कामही कायद्याने पाहून ठेवलं आहे. ‘आम्ही काही केलं नाही, नुसतं कळेल म्हणालो’ ही सबब तिथे कितपत टिकेल, शंका आहे.

मार्च २००९ मध्ये हिमाचल प्रदेशातल्या एका वैद्यकीय महाविद्यालयात अमन काचरू या विद्यार्थ्याचा रॅगिंगच्या मारहाणीत मृत्यू झाला. त्याच वर्षी विद्यापीठ अनुदान आयोगाने देशभरासाठी नियम केले. विद्यार्थी आणि पालकांकडून प्रतिज्ञापत्र घेणं, १८००-१८०-५५२२ हा मदतीचा क्रमांक, हे सगळं तेव्हापासूनचं. त्याच नियमांत असंही आहे की जुने विद्यार्थी पहिल्या किंवा दुसऱ्या आठवड्यानंतर आले की कॉलेजनेच जुन्या-नव्यांचे एकत्र कार्यक्रम शिक्षकांच्या उपस्थितीत ठरवावेत. म्हणजे उंबरठा ओलांडायचा दिवस कॉलेजच्या वेळापत्रकात असावा, मजल्यावरच्या तिघा-चौघांच्या मर्जीत नसावा. बहुतेक कॉलेजांच्या भिंतीवर ‘रॅगिंग हा गुन्हा आहे’ ही पाटी मला दिसते. तिच्या शेजारी एक ओळ मी शोधत असतो: ‘नव्या विद्यार्थ्यांचं स्वागत अमुक तारखेला, अमुक वाजता सुरू, अमुक वाजता समाप्त.’ ती क्वचितच सापडते. समाप्तीची वेळ तर कुठेच नाही.

तुलना जड आहे, तरी करतो. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की दयेचा अर्ज फेटाळल्याचं कळवल्यापासून फाशीच्या दिवसापर्यंत कैद्याला किमान १४ दिवस मिळालेच पाहिजेत. मनाची तयारी करायला, देवाचं नाव घ्यायला, घरच्यांना शेवटचं भेटायला. ज्याने कोणाचा जीव घेतला त्यालाही आपण तारीख सांगतो. आणि ज्या पोरीने बारावीला चांगले टक्के मिळवले एवढाच उद्योग केला, तिला आपण म्हणतो, कळेल.

पालकांना माझं सांगणं आहे की पाण्याची आणि मेसची चौकशी झाली की रेक्टरसमोर बसूनच हा प्रश्न विचारा. स्वागत कधी आहे, कुठे आहे, कोण शिक्षक हजर असतील, किती वाजता संपेल, आणि त्या दिवशी मूल येऊ शकलं नाही तर काय. उत्तर ‘कळेल’ असं आलं तर तिथेच बसून राहा. रेक्टरलाही ठाऊक नसेल तर त्याला ते ठाऊक करून घ्यायला लावा. मुलाच्या कानात हळूच विचारू नका, ते सिनिअरसमोर पोहोचेपर्यंत त्याचा आवाज गेलेला असतो.

माझी भाची यंदा तिसऱ्या वर्षाला आहे. दादी गेल्या वर्षी गेली. या खेपेला नव्या मुली यायच्या आधीच त्यांच्या मजल्यावर कागद लागला. पहिल्या महिन्याचा तिसरा शनिवार, मेसचा हॉल, पाच ते आठ. खाली तिच्या अक्षरात: रविवारी घरी जाणाऱ्यांनी जावं, परत आल्यावर ओळख करून घेऊ. काही जणी कुरकुरल्या म्हणे, मजा गेली. तिने मला फोन करून निमंत्रणासाठी चार ओळी मागितल्या. मी म्हटलं, देतो, पण कार्यक्रमात काय काय आहे ते तरी सांग, म्हणजे त्याला धरून लिहीन.

‘ते नाही सांगणार, मामू,’ ती म्हणाली. ‘तारीख टाका फक्त.’